रस्त्यानं का?

दिल्लीत सव्वीस वर्षं गाडी चालवली, पण त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. मागच्यानं वाजवला की मात्र ते गाडी बंद करायचे, हँडब्रेक ओढायचे, खाली उतरून मागच्या गाडीच्या खिडकीशी जायचे आणि अदबीनं विचारायचे, "जी, आपने बुलाया?"

मोतीबागेच्या सिग्नलला, ऑफिसच्या ऐन गर्दीत हा प्रकार मी शेजारच्या सीटवर बसून निदान दहा वेळा पाहिला आहे. मागचा माणूस आधी गोंधळायचा, मग शिव्या द्यायचा. त्याच्या मागचे पन्नास जण हॉर्न वाजवायला लागायचे. हे शांतपणे परत येऊन बसायचे, पट्टा लावायचे आणि म्हणायचे, "काही काम नव्हतं म्हणे." मी खिडकीतून बाहेर बघत बसायचो, म्हणजे ओळखीच्या कोणी पाहिलं तर मी त्यांच्याबरोबर नाही असं वाटावं.

ते आमच्या मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होते आणि आर. के. पुरमला आमच्याच ब्लॉकमध्ये पहिल्या मजल्यावर राहायचे. मी तिसऱ्या मजल्यावर, आणि ऑफिसात त्यांच्याहून एक पायरी खाली, प्रशासन विभागात सेक्शन ऑफिसर. ते कराडकडचे, मी साताऱ्याचा. दिल्लीत एवढं पुरतं. ऑफिसात मी त्यांना सर म्हणायचो आणि घरीही सरच. त्यांच्या बायकोला वहिनी. त्या मला भाऊ म्हणायच्या आणि गावाकडून आलेली शेंगदाण्याची चटणी पहिल्यांदा माझ्या घरी पोचायची, मग त्यांच्या स्वतःच्या नात्यागोत्यात.

सर तापट होते. मराठीचा तर त्यांना आजारच होता. कॉलनीतली आमची पोरं "आई, मला भूक लगली यार" असली मराठी बोलायची. सर जिन्यात कोणाही पोराला अडवायचे आणि विचारायचे, "तेरवा म्हणजे काय?" पोरं पळायची. माझी मुलगी एकदा धीर करून म्हणाली, "अंकल, परवाच्या आधीचा दिवस." सरांनी तिला तिथल्या तिथं खिशातलं पेन देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्याकडे येऊन म्हणाले, "तुझ्या घरात कोणीतरी शिकलेलं आहे."

एका गणपतीत नव्यानं बदलून आलेल्या एका साहेबांची बायको सरांना म्हणाली, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!" आरतीचं ताट सरांच्याच हातात होतं. ते म्हणाले, "तुमचंही बरं आहे. कुठं शिकलात?"

बाई हसल्या, त्यांना वाटलं गंमत आहे. सर हसले नाहीत. "मी घरी शिकलो," ते म्हणाले. "माझी आई ओव्या म्हणायची. तुमची?" मग सगळ्यांनी मिळून विषय बदलला. घरी आल्यावर माझी बायको म्हणाली, "एवढं काय लागलं त्यांना? कौतुकच केलं ना?" मीही म्हणालो, "हो ना, जरा जास्तच करतात." हे मी म्हणालो, हे इथे नोंदवून ठेवतो. मी कोण होतो ते कळायला हवं.

दर उन्हाळ्यात सर गाडीनं गावी जायचे. दिल्ली ते कराड, छोट्या गाडीतून, मागच्या सीटवर मुलगी, पुढे वहिनी मांडीवर नकाशा घेऊन. मोबाइलमध्ये रस्ता दाखवणारी बाई आली तरी वहिनींचा कागदी नकाशा सुटला नाही. "ती बाई नुसतं वळा म्हणते," वहिनी म्हणायच्या, "कुठं आलोय ते कुठं सांगते?" गाडीत झोपायची कोणाला परवानगी नव्हती. गावाच्या पाट्या मोठ्यानं वाचायच्या. पाटीवर चूक असली तर सर गाडी थांबवून ती वहीत लिहून घ्यायचे आणि दिल्लीला परतल्यावर संबंधित खात्याला पत्र टाकायचे.

एका वर्षी मीही त्यांच्याबरोबर साताऱ्यापर्यंत गेलो. राजस्थान संपता संपता एका गावात हॉटेलवाल्यानं दोन खोल्या दाखवल्या, पंखे सुरू करून दिले, आणि खाली येऊन रजिस्टर उघडलं. सरांनी ओळखपत्र पुढे केलं. त्यानं नाव वाचलं, रजिस्टर मिटलं आणि म्हणाला, "सॉरी सर, बुकिंग आ गई. अभी फोन आया."

फोन आला नव्हता. फोन काउंटरवरच होता.

"लिखकर दीजिए," सर म्हणाले.

"क्या लिखकर?"

"यही. कि कमरा था, मेरा नाम पढ़ा, अब नहीं है."

तो माणूस आवाज खाली आणून माझ्याकडे वळला. माझं ओळखपत्र त्यानं आधीच पाहिलं होतं. "भाईसाहब, आप अपने नाम पे ले लीजिए ना दोनों रूम. क्या फ़र्क पड़ता है." आणि मी, गाढवासारखा, सरांना म्हणालो, "घेऊ का सर? वहिनी दमल्यात."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की अजून मानेमागे गरम होतं. "तुझ्या नावावर झोपू मी?" ते म्हणाले. "माझ्या देशात?" ते पाऊण तास काउंटरपाशी उभे राहिले. लिहून कोणी दिलं नाही. वहिनींनी सामान उचललं, गाडीत बसल्या आणि नकाशा उघडून शांतपणे म्हणाल्या, "पुढचं गाव बेचाळीस किलोमीटर. उजेड आहे अजून." पुढच्या गावात एका म्हाताऱ्या लॉजवाल्यानं काही न बघता चाव्या दिल्या. जेवताना सर माझ्याशी बोलले नाहीत. वहिनींनी मात्र माझ्या ताटात एक पोळी जास्तीची वाढली.

उमऱ्याची, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेची, इच्छा वहिनींची होती, आणि रस्त्यानं जायची तर त्यांचीच. त्यांची मुलगी लग्न होऊन शारजाला स्थायिक झाली होती. तिच्याकडे गाडी होती. तिथून सौदीची सीमा ओलांडायची, रियाधमार्गे मक्केला पोचायचं, दोन-तीन दिवसांचा रस्ता. तिकडचे कितीतरी लोक तसे जातात. "विमानातून काय दिसतंय भाऊ?" वहिनी मला म्हणाल्या. "यांचे आजोबा गेले होते, तर परत आल्यावर म्हणे वर्षभर वाटेच्याच गोष्टी सांगायचे. मला ती वाट बघायचीय." वहिनींच्या मूत्रपिंडांचं दुखणं तेव्हा औषधांवर होतं. डॉक्टर म्हणाले होते, काय फिरायचं ते आत्ताच फिरून घ्या.

सरकारी माणसाला परदेशी जायचं तर ऑफिसची परवानगी लागते. बहुतेक वेळा तो साधा कागद असतो. लोक बँकॉकला जातात, मुलाकडे अमेरिकेला जातात, आठ दिवसांत सही होते. सरांनी अर्ज केला आणि स्वभावाप्रमाणे सगळं लिहिलं. कोणत्या दिवशी कुठं मुक्काम, सीमा कुठं ओलांडणार, गाडी कोणाची, चालवणार कोण. सोबत हातानं काढलेला नकाशा जोडला, मराठीत. त्याखाली इंग्रजी भाषांतर.

फाइल माझ्याकडे आली. मी ती मंजुरीच्या शिफारशीसह वर पाठवणार होतो, हे खरं आहे. कोणाचा विश्वास बसो न बसो. पण आमच्या वरच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी नकाशा स्क्रीनवर मोठा करून ठेवला होता.

"ये बाय रोड क्यों जा रहे हैं? सीधी फ़्लाइट है ना?"

"सर, उनकी मिसेस की इच्छा है."

"अच्छा," साहेब म्हणाले. मग हसले. "देखो, मैं कुछ नहीं कह रहा. तुम ज़रा देख लो. एक लाइन डाल दो. बाद में कोई हमसे न पूछे."

ते काही म्हणतच नव्हते. त्यांनी कुठंही काही लिहिलं नाही. लिहिलं मी. "अर्जदाराने थेट विमानप्रवासाऐवजी रस्त्याचा मार्ग निवडण्याचे कारण स्पष्ट होत नाही. योग्य स्तरावर पडताळणी करणे इष्ट ठरेल." इंग्रजीत दोनच ओळी. असल्या ओळी लिहायला आम्हाला विचार करावा लागत नाही, त्या बोटांतच असतात. त्या माणसाला मी अठरा वर्षं ओळखत होतो. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून मी गावी गेलो होतो.

त्यानंतर ती फाइल फिरली. एक म्हणाला चर्चा करा, दुसरा म्हणाला दुसऱ्या खात्याचं मत घ्या, ते मत आलं की त्यावर पुन्हा चर्चा. आमच्याकडे आता फाइली कॉम्प्युटरवर असतात, धूळसुद्धा बसत नाही. तीनदा ती माझ्याच इनबॉक्समध्ये येऊन पडली. सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. "कुठं आहे?"

"वर आहे सर," मी म्हणायचो. माझी स्क्रीन त्यांच्या बाजूनं दिसत नसे.

आठ महिने. पाचव्या महिन्यात वहिनींचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा सर त्यांना दवाखान्यात न्यायचे, चार तास बाहेर बाकावर बसायचे आणि तिथून ऑफिसला यायचे. जिन्यात वहिनी भेटायच्या, एका हाताला पट्टी, दुसऱ्या हातानं कठडा धरलेला. "भाऊ, कुठवर आलीय हो फाइल?"

"चाललंय वहिनी. बिल्कुल होईल."

"होईल ना," त्या म्हणायच्या आणि माझ्याकडे बघत एक पायरी चढायच्या.

सरांनी माहिती अधिकारात फाइलीवरच्या टिपणांच्या प्रती मागितल्या. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीची नोटीस दिली, नोकरीच नसली की ऑफिसची परवानगी लागत नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. माणसाला बाहेर काढायची वेळ आली की सरकार कसं पळतं ते तेव्हा बघायला मिळालं. आठ महिने परवानगीची सही करायला ज्यांच्याकडे पेन नव्हतं, त्यांनी हे तीन महिन्यांत उरकून टाकलं. एकानंही म्हटलं नाही की सर, हे आमच्यामुळे होतंय.

निरोपाला समोसे होते. सरांनी पुष्पगुच्छ घेतला नाही. उभे राहिले आणि म्हणाले, "मी छत्तीस वर्षं इथं कागद वाचले. एक प्रश्न विचारून जातो. मी रस्त्यानं का जातोय, हा प्रश्न कोणाला पडला होता? इथं बसलेल्यांपैकी कोणाला?" मराठीतच विचारलं. हॉलमध्ये मराठी समजणारे आम्ही तिघं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं आभार मानतायत. सरांची नजर सगळ्या रांगांवरून फिरली. माझ्यावर ती थांबली नाही. मला वाटलं, सुटलो.

क्वार्टर सोडावं लागलं. नवी जागा शोधताना दोन सोसायट्यांनी नाव ऐकून त्यांना वाटेला लावलं. शेवटी गाझियाबादच्या बाजूला एक घर मिळालं. तिथून महिन्याभरात ते शारजाला गेले.

प्रवासाची हकीकत मला नंतर त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितली. सरांनी डायलिसिसचे दिवस धरून प्रवास आखला होता. शारजात डायलिसिस, दुसऱ्या दिवशी दिवसभर गाडी, रियाधला डायलिसिस, दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी, मक्केत डायलिसिस. रियाधच्या दवाखान्याशी त्यांनी दोन महिने पत्रव्यवहार केला होता. सगळ्या पत्रांच्या छापील प्रती फाइलमध्ये लावलेल्या. गाडी मुलगी चालवत होती. सरांना स्टिअरिंगशिवाय बसायची सवय नव्हती, त्यांचे पाय रिकामेच ब्रेक दाबत होते. वहिनी मागे उशांना टेकून. वाळूशिवाय काहीही नाही अशा रस्त्यावर त्या पाट्या वाचत होत्या. अरबी अक्षरं कुराणामुळे त्यांना येत होती. "काही कळत नाहीये," त्या मुलीला म्हणाल्या, "पण वाचता येतंय."

सीमेवर तीन तास रांग होती. सरांनी फाइल मांडीवर घेतली होती. निमंत्रणं, दवाखान्याची पत्रं, लग्नाचा दाखला, निवृत्तीचा आदेश, सगळं क्रमानं लावलेलं. खिडकीतल्या तरुण अधिकाऱ्यानं पासपोर्ट घेतले आणि विचारलं, "उमरा?" सर म्हणाले, "हो." त्यानं शिक्के मारले, मागच्या सीटवरच्या वहिनींना बघून छातीला हात लावला आणि म्हणाला, "वेलकम, हाजी."

गाडी पुढे गेली. थोड्या अंतरावर सरांनी मुलीला कडेला थांबवायला सांगितलं. खाली उतरले, ती फाइल गाडीच्या टपावर आपटली आणि ओरडले, "यानं विचारलं नाही! रस्त्यानं का, हे यानं विचारलं नाही!" मुलगी म्हणाली, बाबांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते आनंदानं रडत नव्हते काका, रागानं रडत होते. मी फोन कानाला धरून "अच्छा, अच्छा" म्हणत राहिलो.

तायफजवळ सरांनी इहरामची दोन न शिवलेली पांढरी वस्त्रं नेसली. काबेभोवतीच्या तवाफच्या सातही फेऱ्या आणि दोन टेकड्यांमधल्या सईच्या सातही, वहिनींची चाकांची खुर्ची त्यांनी स्वतः ढकलली, भाड्याचा माणूस घेतला नाही. परत आल्यावर वहिनी पाच महिने जगल्या.

मी भेटायला गेलो तो त्यानंतर एका रविवारी सकाळी. मेट्रो, मग रिक्षा. सरांनी दार उघडलं. उमऱ्यात उतरवलेले डोक्यावरचे केस पुन्हा आले होते, पांढरेशुभ्र. बस म्हणाले नाहीत. मी उभाच राहिलो आणि वाटेत पाठ केलेलं बोलायला लागलो, "सर, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या फाइलवर..."

त्यांनी कपाटातून कागद काढला. माहिती अधिकारातली प्रत.

"तुझं नाव आहे. तारीख आहे. वेळही छापून येते, सकाळी अकरा चाळीस," ते म्हणाले. "त्याच संध्याकाळी तू आमच्याकडे पोहे खाऊन गेलास. माझ्याशी मराठीत बोलत होतास."

"सर, साहेबांनी सांगितलं होतं."

"त्यांनी लिहून दिलं होतं?"

"नाही."

"मग लिहिलं कोणी?"

मी म्हणालो, "मी."

आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. ते आत जाऊन गॅस बंद करून आले. मला वाटलं आता जा म्हणतील. त्याऐवजी ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"जाताना लोक तिला नावं देत होते. तिथं आमच्यासाठी मागा म्हणून. तिनं यादी केली होती. तुझ्या मुलीचं नाव होतं, परीक्षेसाठी. त्याखाली तुझं. मी निघायच्या आदल्या दिवशी तुझं खोडलं. तिला बोललो नव्हतो काही. रियाधला तिला मशीन लावलेलं असताना तिनं यादी मागितली आणि विचारलं, हे कोणी खोडलं? मग मी सांगितलं. चार तास होते, सगळं सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मला माहीत आहे. जिन्यात त्याचं तोंड बघत होते की मी." सरांचा आवाज चढला. "तिला माहीत होतं! इतके महिने तुला विचारत राहिली, माहीत असून! आणि खोडलेलं नाव मला पुन्हा लिहायला लावलं. तिथं गेल्यावर तिच्यात वाचायची ताकद नव्हती. मी वाचत होतो, एका हातानं खुर्ची, एका हातात कागद. तुझ्या नावाशी थांबलो. मागून लोक ढकलत होते. ती म्हणाली, वाचा की. मी नाही वाचलं. एक फेरी तशीच गेली. ती पुन्हा म्हणाली, वाचा."

त्यांनी हातातल्या प्रतीची घडी घातली.

"वाचलं," सर म्हणाले. "तिच्या वतीनं वाचलं. काबेसमोर उभा राहून मी देवाला हेही सांगितलं, की हे तिचं आहे, माझं नाही. माझा राग जसा होता तसा आहे. तो मी कोणाला देणार नाही."

मग त्यांनी माझ्या मुलीचा निकाल विचारला. मी सांगितलं, पास झाली. त्यांनी मान हलवली, पुढे होऊन दार उघडलं आणि मी बाहेर पडेपर्यंत ते धरून उभे राहिले. मी चप्पल घातली. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ते साधं, हळू लावलं, शेजाऱ्याच्या घराचं लावावं तसं.